डाळिंब पिवळं पडतंय? खत टाकण्याआधी मुळी उकरून बघा

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागात डाळिंबाचं झाड मलूल दिसलं की आपण खताचा डोस वाढवतो, नाहीतर मर समजून औषध ओततो. पण बऱ्याचदा दुखणं मुळीत असतं. ते म्हणजे सूत्रकृमी.

सूत्रकृमी काय करतो?
हा दोऱ्यासारखा जीव डोळ्यांना दिसत नाही. त्याचं पिल्लू कोवळ्या पांढऱ्या मुळीत शिरतं आणि एका जागी बसून रस ओढतं. तिथं मुळी फुगून गाठ होते. एक मादी २०० ते ५०० अंडी घालते आणि गरम हवेत महिन्याभरात नवी पिढी तयार होते. याच कुळातला सूत्रकृमी ब्राझीलमध्ये कॉफीच्या मुळांवर १८८७ सालीच नोंदवला गेला. मुळीला झालेल्या जखमेतून मर रोगाची बुरशी आत जाते, हा मोठा धोका.

ओळखायचं कसं?
ठिबक चालू असूनही झाड दुपारी सुकतं, पानं पिवळी पडतात, फळ बारीक राहतं. ड्रीपरखाली वीतभर उकरून बारीक मुळ्या धुऊन बघा. भुईमुगाच्या मुळीवरची गाठ नखानं निघते, ती चांगली. सूत्रकृमीची गाठ निघत नाही, कारण मुळीच फुगलेली असते.

काय करावं?
- रोप घेताना पिशवी फोडून मुळी तपासा. कीड बहुतेक रोपातून आणि मातीतूनच येते.
- बागेत टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी यांचं आंतरपीक नको. यांच्यावरही सूत्रकृमी वाढतो.
- ड्रीपरजवळ झेंडू लावा आणि चार-पाच महिने ठेवा.
- बहार धरताना निंबोळी पेंड द्या. शेणखतात ट्रायकोडर्मा, पॅसिलोमायसिस मुरवून टाका.
- बाधित भागात वापरलेली अवजारं धुऊनच पुढं न्या.
- फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कुणी जुना माल दिला तरी घेऊ नका.

एकदा शिरलेला सूत्रकृमी जमिनीतून पूर्ण जात नाही, पण आटोक्यात राहतो. रासायनिक औषध घेण्याआधी चार-पाच झाडांखालची ओलसर माती आणि बारीक मुळ्या प्लास्टिक पिशवीत भरा, उन्हात न ठेवता सोलापूरजवळ केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. दुखणं कळल्यावरच खर्च करा.