दोन हजार वर्षांचे औषध



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या गावाकडचे एक वडीलधारे शेतकरी माझ्याकडे आले होते. सगळे त्यांना तात्या म्हणतात. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून एक डबी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. डबीवर एका तांबड्या, रोगण लावल्यासारख्या चकाकणाऱ्या अळंबीचे चित्र होते आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘दोन हजार वर्षांची चिनी परंपरा.’

तात्या म्हणाले, “सर, औषधातलं तुम्हाला काही विचारत नाही. तुम्ही इतिहास शिकवता, तेवढ्यातलंच सांगा. हे दोन हजार वर्षांचं म्हणतात ते खरं का? खरं असेल तर साखरेची गोळी बंद करून हेच चालू करावं म्हणतो. दोन्हींचा खर्च काही झेपत नाही.”

प्रश्न इतिहासाचा होता, पण उत्तरावर एका माणसाची प्रकृती अवलंबून होती. त्या दिवशी मला जे चार शब्द सुचले ते मी सांगितले. आज तीच हकीकत जरा सविस्तर आपल्यापुढे मांडतो.

अळंबी आपल्याला नवी नाही. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी आपण आवडीने खातो, आणि उकिरड्यावरच्या कुत्र्याच्या छत्रीला हात लावू नको म्हणून पोरांना दटावतो. कोकणात फणसाच्या खोडावर लाकडासारखा कडक फणसोंबा येतो. तो उगाळून लहान मुलांच्या तोंडाला लावण्याची जुनी चाल आहे. अशाच कडक जातीची, लाकडावर वाढणारी एक अळंबी चीनमध्ये आहे. तिला तिकडे ‘लिंगझी’ म्हणतात. ‘झी’ म्हणजे ही अळंबी, आणि ‘लिंग’ म्हणजे दैवी शक्ती असलेली. जपानी लोक तिलाच ‘रेशी’ म्हणतात. तात्यांच्या डबीवरचे चित्र हिचेच.

चीनचा सर्वांत जुना औषधीग्रंथ म्हणजे ‘शेननोंग बेन्त्साओ जिंग’. शेननोंग हा चिनी पुराणकथांतला, लोकांना शेती शिकवणारा राजा. ग्रंथ त्याच्या नावावर असला तरी तो हान राजवटीच्या काळात, म्हणजे आजपासून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, संकलित झाला. त्यात ३६५ औषधे आहेत आणि त्यांचे तीन वर्ग केलेले आहेत. वरचा वर्ग आयुष्य वाढवणाऱ्या औषधांचा, मधला शक्ती देणाऱ्यांचा आणि खालचा प्रत्यक्ष रोग हटवणाऱ्यांचा. आपली ‘झी’ वरच्या वर्गात आहे, आणि तीही एक नव्हे, सहा रंगांची : तांबडी, काळी, निळी, पांढरी, पिवळी आणि जांभळी.

म्हणजे डबीवरचे वाक्य खोटे नाही. नाव खरोखरच दोन हजार वर्षांचे आहे. पण इतिहासाच्या माणसाला एवढ्यावर थांबता येत नाही. पुस्तकात नाव असणे वेगळे आणि लोकांनी ती वस्तू पिढ्यान्‌पिढ्या खाऊन गुण पाहिलेला असणे वेगळे. तेव्हा पुढचा प्रश्न असा, की ही लिंगझी खात कोण होते?

याचे उत्तर शोधायला आपल्याला राजवाड्यात जावे लागते. चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याला मरणाची फार धास्ती. इ.स.पूर्व २१९ मध्ये त्याने श्यू फू नावाच्या माणसाला पूर्व समुद्रातली अमर पुरुषांची बेटे शोधायला धाडले. बेटे सापडली नाहीत, आणि इ.स.पूर्व २१० मध्ये सम्राट वयाच्या पन्नाशीच्या आतच वारला. पुढे हान घराण्यातल्या सम्राट वू याच्या कारकिर्दीत, इ.स.पूर्व १०९ मध्ये, गानछ्वान येथील राजवाड्याच्या आतल्या दालनात नऊ दांड्यांची एक ‘झी’ उगवली. सम्राटाने हा शुभशकुन मानला, तिच्यावर गीत रचवले आणि राज्यभर कैद्यांना माफी जाहीर केली. आता ही अळंबी कुजत्या लाकडावर उगवते, हे आपण ध्यानात घेतले म्हणजे त्या दालनाच्या खांबांची काय अवस्था असेल, हे कोणत्याही सुताराला कळेल. पण दरबारात तसे बोलणार कोण?

इसवी सनाच्या चौथ्या शतकात गे होंग नावाचा एक विद्वान होऊन गेला. अमरत्वाच्या औषधांविषयी त्याने पुष्कळ लिहिले आहे. ‘झी’चे पाच प्रकार तो सांगतो आणि त्यांतला अळंबीचा प्रकार फक्त एक. बाकीचे दगडाचे, लाकडाचे, वनस्पतींचे आणि चक्क मांसाचे! म्हणजे जुन्या ग्रंथांत ‘झी’ हा शब्द आला, की ती डबीतलीच अळंबी असे समजायचे कारण नाही. मिंग घराण्यातला सम्राट ज्याजिंग यालाही अमरत्वाचे मोठे वेड. १५५० नंतरच्या दशकात त्याने राज्यभरातून ‘झी’ गोळा करून मागवली. तोही १५६७ मध्ये वारला. पाऱ्यासारखी जहाल द्रव्ये घातलेली अमरत्वाची औषधे त्याला भोवली, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

थोडक्यात, लिंगझी राहिली ती चित्रांत, कोरीव कामात आणि राजांच्या स्वप्नात. गरिबाच्या काढ्याच्या भांड्यात ती क्वचितच पडली, कारण रानात ती फार दुर्मीळ.

गरिबाच्या काढ्यात दुसऱ्याच अळंब्या होत्या, आणि त्यांचे नाव डबीवर कोणी छापत नाही. एक म्हणजे फूलिंग. ही पाइनच्या मुळांवर जमिनीखाली रताळ्यासारखी गाठ धरते. दुसरी झूलिंग. इसवी सन २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग या थोर वैद्याने अंगात पाणी साचून लघवी कमी होते त्यावर एक पाच द्रव्यांचे चूर्ण सांगितले. त्यात या दोन्ही अळंब्या आहेत. फूलिंग, जिनसेंग, ज्येष्ठमध आणि बायझू नावाची एक मुळी यांचा ‘चार सज्जनांचा काढा’ अशक्त पोटासाठी चिनी वैद्य आजही देतात. इथे अमर होण्याची भाषा नाही. अमुक लक्षण, अमुक द्रव्ये, अमुक प्रमाण, असा रोकडा व्यवहार आहे. तो सगळाच आजच्या कसोटीला उतरेल असे नाही, पण वापराची परंपरा म्हणायची तर ती ही.

खाण्याच्या अळंबीचेही तसेच. १३१३ मध्ये वांग झेन याने शेतीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. शिताके अळंबीची लागवड त्यात सांगितली आहे. सावलीच्या जागी झाड पाडायचे, कुऱ्हाडीने खाचा घ्यायच्या, वर माती लोटायची. वर्षभराने लाकूड कुजले, की त्या खाचांत अळंबीचे बारीक तुकडे पेरायचे, पाल्याने आणि मातीने झाकायचे, तांदळाचे धुवण शिंपायचे आणि काही काळाने लाकडाला दांडक्याचे ठोके द्यायचे. या ठोक्यांना ते ‘अळंबीला दचकवणे’ म्हणत! शेतकऱ्याच्या हाताला जे लागले, ते असे सातशे वर्षे टिकले आहे.

आता या कथेतला माझा आवडता माणूस. त्याचे नाव ली शिझेन. १५१८ मध्ये हूबेइ प्रांतात वैद्याच्या घरी त्याचा जन्म झाला. सरकारी परीक्षेत तो तीनदा नापास झाला. शिक्षकमित्रांनी हे आपल्या नापास विद्यार्थ्यांना जरूर सांगावे! मग त्याने वडिलांचा धंदा धरला. जुन्या औषधीग्रंथांत चुका फार, एकाच वनस्पतीला दोन नावे, दोन वनस्पतींना एकच नाव, हे पाहून १५५२ च्या सुमारास त्याने सगळे नव्याने तपासायला घेतले. रानोमाळ हिंडला, शेतकऱ्यांना, कोळ्यांना, लाकूडतोड्यांना विचारत गेला आणि १५७८ मध्ये ‘बेन्त्साओ गांगमू’ हा ग्रंथ पुरा केला. त्यात १८९२ औषधे आणि सुमारे ११ हजार पाठ आहेत. ग्रंथ छापून बाहेर येण्याआधीच, १५९३ मध्ये, तो वारला.

या ली शिझेनने लिंगझीला कुठे बसवले ठाऊक आहे? भाज्यांच्या वर्गात! आणि वर स्पष्ट लिहिले, की कुजक्या लाकडाच्या उरल्यासुरल्या अंशातून ही उगवते, माणसाच्या अंगावर आवाळू यावे तशी. तिला शुभ मानणे आणि ती खाऊन अमर होता येते असे म्हणणे हा निव्वळ खुळेपणा आहे. अळंबीसाठी राज्य धुंडाळणारा सम्राट ज्याच्या हयातीत होऊन गेला, त्या माणसाने हे लिहावे, याला छाती लागते. आणि तो परका टीकाकार नव्हता. चिनी वैद्यकाचा सर्वांत मोठा ग्रंथकार होता. म्हणजे दोन हजार वर्षांची परंपरा म्हणताना तिच्यात ही शंकासुद्धा धरली पाहिजे. डबीवर परंपरेचा भरवसा छापतात, परंपरेची शंका छापत नाहीत.

मग लिंगझी घरोघरी आली केव्हा? विसाव्या शतकात. १९७० च्या आगेमागे चीन आणि जपानमध्ये लाकडाच्या ओंडक्यांवर आणि भुशावर तिची मोठ्या प्रमाणावर लागवड साधली, आणि मग पूड, गोळ्या, अगदी कॉफीसुद्धा निघाली. म्हणजे सामान्य माणूस ती खातो आहे त्याला जेमतेम पन्नास वर्षे झाली.

अशीच दुसरी महागडी अळंबी हिमालयात आणि तिबेटात होते. मातीतल्या एका सुरवंटाला ती ग्रासते, त्याला मारते आणि वसंतात त्याच्या डोक्यातून दांडी वर काढते. चिनी भाषेत तिला ‘हिवाळ्यात किडा, उन्हाळ्यात गवत’ अशा अर्थाचे नाव आहे. आपल्या उत्तराखंडात पिथोरागड, चमोलीकडे तिला कीडाजडी म्हणतात. बर्फ वितळले, की अख्खी गावेच्या गावे ती वेचायला वर चढतात. तिबेटी वैद्यांनी पंधराव्या शतकात तिच्याविषयी लिहिले. चिनी औषधीग्रंथांत ती आली ती बरीच नंतर. १९९३ मध्ये चीनच्या धावपटू मुलींनी जागतिक विक्रम मोडले, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षकाने ही अळंबी आणि कासवाचे रक्त यांना श्रेय दिले, आणि तिचे नाव जगभर झाले. पुढे २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या आधी याच प्रशिक्षकाच्या काही धावपटूंना रक्ततपासणीतल्या संशयावरून वगळण्यात आले. ही दुसरी बातमी मात्र पहिलीइतकी पसरली नाही! २०१६ मध्ये खुद्द चीनच्या सरकारी खात्याने या अळंबीच्या मालात आर्सेनिक, म्हणजे सोमल, मर्यादेबाहेर सापडल्याचा इशारा दिला. आणि वेचणी इतकी वाढली, की २०२० मध्ये तिची गणना धोक्यात आलेल्या जातींत झाली.

मग अळंबीत औषध नाहीच का? तसे मी म्हणत नाही. जपानमध्ये शिताकेपासून लेंटिनान नावाचे द्रव्य वेगळे काढले गेले आणि जठराच्या कर्करोगात इतर उपचारांच्या जोडीला इंजेक्शन म्हणून द्यायला १९८५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. किड्यांवर वाढणाऱ्या अळंबीच्याच एका जातीतल्या द्रव्यावरून जपानी संशोधकांनी फिंगोलिमॉड हे औषध घडवले. मज्जासंस्थेच्या एका चिवट आजारावर अमेरिकेत २०१० मध्ये ते मान्य झाले. पण यांत द्रव्य कोणते, मात्रा किती, कोणाला द्यायचे, अपाय काय, हे सगळे तपासलेले आहे.

लिंगझीचीही तपासणी झाली. कर्करोगावरचे तिचे ५ प्रयोग, मिळून ३७३ रुग्ण, एकत्र पाहून तज्ज्ञांनी २०१६ मध्ये असा निष्कर्ष काढला, की मुख्य उपचार म्हणून ती द्यावी असा पुरावा नाही. जोडीला द्यायची तर रुग्णागणिक विचार करावा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या लिंगझीच्या १९ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांतली फक्त ५ खरी निघाली. तिच्या पुडीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

शिक्षकमित्रहो, जुन्या औषधाची गोष्ट निघाली, की वर्गात तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हे लिहिले कोणी? खाल्ले कोणी? आणि तपासले कोणी? पहिल्याचे उत्तर पुष्कळदा जुने निघते. दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे शोधावे लागते. आपल्याकडच्या औषधांनाही हेच प्रश्न लावायला हरकत नाही.

तात्यांना मी एवढेच म्हणालो, “तात्या, नाव दोन हजार वर्षांचं आहे, पण डबी कालची आहे. गोळी बंद करू नका.”

तात्यांनी डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. म्हणाले, “आता हिचं काय करू? पैसे तर गेले.”

“ही डबी घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळीबरोबर चालेल की नाही, ते त्यांना विचारा. आणि दोन्हींचा खर्च झेपत नाही म्हणता ना, तेही त्यांच्याच कानावर घाला. सरकारी दवाखान्यात गोळी मिळते का, ते ते सांगतील.”

“हे मला आधी सुचलंच नाही बघा,” असे म्हणून तात्यांनी डबी पिशवीत घातली आणि ते उठले. आपल्यापैकी कुणाच्या घरी अशी डबी आली असेल, तर त्यांनाही माझे हेच सांगणे आहे.