पूर्ण मनाने म्हणजे कुठवर?

देवाची आज्ञा पूर्ण मनाने पाळायची, असं अनेक धर्म सांगतात. पण पूर्ण मनाने म्हणजे नेमकं कुठवर? ज्यू इतिहासात हा प्रश्न पोथीपुरता राहिला नाही. त्यापायी माणसांचे जीव गेले, म्हणून आज त्याबद्दल बोलू.

ज्यू परंपरा तोरामधल्या आज्ञा ६१३ मोजते. त्यांतल्या २४८ करण्याच्या आणि ३६५ टाळण्याच्या. रोज सकाळ-संध्याकाळ म्हटल्या जाणाऱ्या ‘शेमा’ या पाठात, देव एकच आहे असं सांगून त्याच्यावर अंतःकरण, प्राण आणि बळ यांनिशी प्रेम करायला सांगितलं आहे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ने या तिन्हींचा अर्थ लावला. अंतःकरण म्हणजे मनातल्या चांगल्या आणि वाईट, दोन्ही ओढी. प्राण म्हणजे तो गेला तरी. बळ म्हणजे धनदौलत. मला यातली पहिली गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मन आधी शुद्ध करून या, अशी अट इथे नाही. आहे त्या दुभंगलेल्या मनासकट या, असं म्हटलं आहे.

आता प्राणाचं बघू. इ. स. पू. १६७ च्या सुमारास राजा अँटिओकस चौथा याने ज्यू धर्माचरणावर बंदी घातली. काही धर्मनिष्ठ कुटुंबं रानात, गुहांमध्ये जाऊन लपली. सैन्याने हल्ला केला तो नेमका शब्बाथला, म्हणजे शनिवारी. त्या दिवशी काम निषिद्ध, म्हणून त्यांनी प्रतिकारासाठी दगडसुद्धा उचलला नाही. ‘मकाबी’ ग्रंथानुसार सुमारे १००० माणसं मारली गेली. हे ऐकून मत्तथ्याह आणि त्याच्या साथीदारांनी ठरवलं, की शब्बाथला हल्ला झाला तर लढायचं. सगळेच असे मेले, तर आज्ञा पाळायला उरणार कोण?

पुढे रोमन काळात धर्मपंडितांनी लोद गावी याचा नियम बांधला. तालमूदमध्ये तो नोंदलेला आहे. आज्ञा जगण्यासाठी दिल्या आहेत, म्हणून जिवावर बेतलं तर आज्ञा मोडावी. अपवाद तीनच: मूर्तिपूजा, व्यभिचार आणि मनुष्यहत्या. मात्र धर्मच बुडवण्यासाठी छळ चालू असेल, तर साध्या आज्ञेसाठीही मागे हटू नये.

रब्बी अकिवा उभे राहिले ते याच शेवटच्या प्रसंगात. सम्राट हेड्रियनविरुद्धचा बार कोखबाचा उठाव इ. स. १३२ ते १३५ या काळात झाला आणि चिरडला गेला. परंपरा सांगते, की बंदी असूनही अकिवांनी तोरा शिकवणं सोडलं नाही. रोमनांनी लोखंडी फण्यांनी त्यांचं अंग ओरबाडलं. ती शेमाची वेळ होती. शिष्यांनी कळवळून विचारलं, इथवर सोसायचं? ते म्हणाले, प्राणासकट प्रेम करण्याची ही आज्ञा कधी पाळता येईल, याचा विचार मी आयुष्यभर केला. ‘एकच’ हा शब्द लांबवत त्यांनी प्राण सोडला.

अकिवांची कथा ऐकून वाटतं, की मरण हाच निष्ठेचा कळस. मला तसं वाटत नाही. लोदचा नियम आणि अकिवांचं मरण एकत्र ठेवून बघा. जीव वाचवणं हा नियम आणि जीव देणं हा अपवाद, असं तीच परंपरा सांगते.

आणि जगून निष्ठा कशी टिकते, याचं उदाहरण आपल्या कोकणातच आहे. बेने इस्रायल समाज शतकानुशतकं बाकीच्या ज्यूंपासून दूर राहिला. पुष्कळसे विधी, प्रार्थना विस्मरणात गेल्या. पण शेमा तोंडी राहिला आणि शनिवारची सुट्टी चालू राहिली. तेलाचा घाणा चालवणाऱ्या या लोकांना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणू लागले. तिथे कुणी फण्या घेऊन उभं नव्हतं. दर शनिवारी घाणा बंद ठेवायचा आणि त्या दिवसाची कमाई सोडायची, एवढंच होतं. मिश्नाच्या भाषेत सांगायचं, तर तेही ‘बळ’च.