टाटा, जहांगीर रतनजी दादाभाई

(२९ जुलै १९०४–२९ नोव्हेंबर १९९३). वैमानिक, उद्योगपती आणि टाटा एअरलाइन्सचे (आजची एअर इंडिया) संस्थापक. ‘जे. आर. डी.’ याच नावाने सर्वपरिचित. जन्म पॅरिसचा. आई सुझान ब्रिएर फ्रेंच, तर वडील रतनजी हे जमशेटजी टाटांचे नातलग व भागीदार. फ्रान्सच्या किनाऱ्यावर सुटीला जात तेथे इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे लुई ब्लेरिओ त्यांचे शेजारी. विमानाचे वेड लागले ते तिथेच. फ्रेंच सैन्यात वर्षभर काढून १९२५ मध्ये ते टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून आले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला.

भारत-इंग्लंड हा प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखानांनी बक्षीस लावले होते. १९३० मध्ये जे. आर. डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर हा तरुण उलट दिशेने. इजिप्तमध्ये अबुकीर येथे अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडला होता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा प्लग त्याला दिला आणि बक्षीस अस्पीने जिंकले. हेच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

टपाल विमानाने नेण्याची कल्पना मूळची ब्रिटिश वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांची. तिच्यासाठी दोन लाख रुपये गुंतवायला टाटा समूहाचे तेव्हाचे प्रमुख दोराबजी टाटा नाखूश होते, जे. आर. डीं.चे वरिष्ठ जॉन पीटरसन यांनी त्यांचे मन वळवले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. स्वतः पस मॉथ हे छोटे विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. मुंबईहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल नेले व्हिन्सेंट यांनी. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रालगतचा चिखलाचा पट्टा. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि सगळा पसारा पुण्याला हलवावा लागे. झावळ्यांनी शाकारलेली शेड आणि मोजकी माणसे, एवढाच तेव्हाचा कारभार. १९४६ मध्ये कंपनी सार्वजनिक होऊन तिचे ‘एअर इंडिया’ असे नामकरण झाले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला झेपावले.

विमानसेवेच्या १९५३ मधील राष्ट्रीयीकरणाला त्यांचा विरोध होता. तरीही नेहरूंच्या आग्रहावरून त्यांनी एअर इंडियाच्या आंतरराष्ट्रीय महामंडळाचे अध्यक्षपद घेतले व पंचवीस वर्षे मानधनाशिवाय सांभाळले. या काळातील त्यांच्या टिपणांत धोरणापेक्षा बारकावेच अधिक भेटतात. विमानात मिळणारा चहा आणि कॉफी रंगावरून ओळखू येत नाहीत, अशीही तक्रार ते लिहून कळवत. प्रवाशाची एवढी काळजी घेणारा अध्यक्ष कर्मचाऱ्यांना जाचक वाटला असेल, अशी शंका येते. मात्र त्यांना फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने दूर केले, तेव्हा व्यवस्थापकीय संचालकांसह वरिष्ठ अधिकाऱ्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. त्याआधी महिनाभरच, १ जानेवारीला, एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट वांद्र्याजवळ समुद्रात कोसळून २१३ जणांचा मृत्यू झाला होता. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतले.

कामगारांविषयीचे त्यांचे धोरण समजून घ्यायचे तर विमानतळापेक्षा जमशेदपूरला जावे. १९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. यंत्रांसाठी कंपनीत जाणकार अभियंते असतात, मग माणसांसाठी स्वतंत्र खाते का नसावे, हा त्यांचा साधा प्रश्न. टाटा पोलाद कारखान्यात असे खाते निघाले. १९५६ च्या करारानुसार मायकेल जॉन यांच्या युनियनला संयुक्त समित्यांतून उत्पादन, सुरक्षितता व कल्याण या विषयांवर बोलण्याची जागा मिळाली. सद्भावनेवर न विसंबता तिची रीतसर व्यवस्था लावणे ही त्यांची खरी हातोटी. टाटांच्या टेल्को या कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांसाठीच्या जाहिरातीत स्त्रियांना मज्जाव होता. त्यावर सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी जे. आर. डीं.ना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला आणि सुधा यांना मुलाखतीचे बोलावणे येऊन नोकरीही मिळाली. या चित्राला दुसरी बाजूही आहे. आणीबाणीत संप-मोर्चे थांबल्याचे समाधान त्यांनी एका अमेरिकी वृत्तपत्राजवळ बोलून दाखवले होते आणि संसदीय पद्धत आपल्या देशाच्या गरजांना मानवत नाही, असेही मत दिले होते. कामगारांशी सल्लामसलत करणारा हा माणूस संपाला मात्र कंटाळला होता.

१९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा एकट्याने केले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. जिनिव्हात निधन झाल्यावर पॅरिसच्या पेर लाशेज स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली.

धाराशिव जिल्ह्यातील भूमसारख्या विमानतळ नसलेल्या तालुक्यात त्यांच्या विमान कंपनीचा संबंध दूरचा वाटतो. पण ज्या सर दोराबजी टाटा ट्रस्टचे ते पन्नासहून अधिक वर्षे विश्वस्त होते, त्या ट्रस्टने उभारलेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर याच जिल्ह्यात, तुळजापूरला आहे. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या या परिसरात ग्रामीण विकास व समाजकार्य यांचे शिक्षण दिले जाते.