मायेचा पडदा आणि गुरूची निर्दोषता : ‘प्रभात’च्या तीन चित्रपटांतील गुरुप्रतिमा (१९३२–१९३४)

प्रस्तावना

अद्भुतरम्य चित्रपटांतील मार्गदर्शक हे पात्र वरकरणी अगदी सरळ वाटते. नायकाला त्याच्या जीवितकार्याची ओळख करून देणे, त्याच्या हाती शस्त्र किंवा मंत्र देणे आणि योग्य वेळी पडद्याआड जाणे एवढेच त्याचे काम असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु हा मार्गदर्शक पुष्कळदा शिष्यापासून सत्य दडवतो, प्रसंगी असत्य सांगतो, त्याच्या प्रेमाचा, भीतीचा व अपराधभावनेचा उपयोग करून त्याला आपल्याला हव्या त्या वाटेने नेतो. आणि हे सारे शिष्याच्याच हितासाठी होते, असा खुलासा अखेरीस करतो. प्रेक्षक तो खुलासा बहुधा स्वीकारतो. तो का स्वीकारतो आणि त्याची किंमत कथेतील कोणते पात्र मोजते, हा विचार मात्र फारसा केला जात नाही.

या प्रश्नाची चर्चा सामान्यतः इंग्रजी चित्रपटांच्या संदर्भात होते. वस्तुतः मराठी बोलपटाच्या अगदी आरंभीच हा प्रश्न पडद्यावर आला होता. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ (१९३२), ‘माया मच्छिंद्र’ (१९३२) आणि ‘अमृतमंथन’ (१९३४) हे तीन चित्रपट काढले. तिन्हींचे दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि तिन्हींच्या केंद्रस्थानी दुसऱ्याच्या श्रद्धेवर हुकमत चालविणारा एक अधिकारी पुरुष आहे. प्रस्तुत निबंधात या तीन पुरुषांचा क्रमाने विचार केला आहे.

विश्वामित्राची कसोटी

भारतीय कथापटाचा आरंभच एका छळवादी ऋषीपासून झाला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. ‘प्रभात’ने आपल्या पहिल्या बोलपटासाठी तीच कथा निवडली. विश्वामित्र राजाचे राज्य घेतो, वर दक्षिणेचा तगादा लावतो, राजाराणीला स्वतःची विक्री करावयास भाग पाडतो. पुत्राचा मृतदेह घेऊन स्मशानात आलेल्या तारामतीकडे हरिश्चंद्राला स्मशानाचे शुल्क मागावे लागते. मग देव प्रकट होतात, मूल उठते, राज्य परत मिळते आणि ही सारी सत्त्वपरीक्षा होती असे जाहीर होते.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. मार्कंडेय पुराणातील हरिश्चंद्राख्यान या सुखान्तापाशी थांबत नाही. दीर्घकाळ जलात तप करून बाहेर आलेल्या वसिष्ठाला आपल्या यजमानाच्या छळाची हकीकत समजते. तो संतापून विश्वामित्राला बगळा होण्याचा शाप देतो, विश्वामित्रही त्याला आडी पक्षी होण्याचा उलट शाप देतो, आणि या दोन पक्ष्यांचे युद्ध इतके भयंकर होते की अखेर ब्रह्मदेवाला मध्ये पडावे लागते. म्हणजे पुराणकाराने ऋषीला फुकट सोडलेले नाही. परीक्षेचा निकाल चांगला लागला तरी परीक्षकाच्या वर्तनाचा जाब विचारणारे कोणीतरी त्या कथेत आहे. नाटकांतून, कीर्तनांतून व पुढे चित्रपटांतून जी लोकप्रिय कथा रूढ झाली, तिच्यातून हा जाब गळून पडला. उरली ती केवळ कसोटी.

हरिश्चंद्र हा विश्वामित्राचा शिष्य नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि दुःख देऊन उद्धार करणाऱ्या आणि शेवटच्या प्रवेशात निर्दोष ठरणाऱ्या अधिकारी पुरुषाचा साचा याच कथेने प्रेक्षकांच्या अंगवळणी पाडला होता. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या चित्रपटात तो साचा खऱ्याखुऱ्या गुरूला लावला गेला.

मायेतील मच्छिंद्र

‘माया मच्छिंद्र’ मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघाला. ‘अयोध्येचा राजा’मध्ये छळ सोसणारा हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे येथे छळणाऱ्याच्या जागी, मच्छिंद्रनाथाच्या भूमिकेत आले. तारामती झालेल्या दुर्गा खोटे येथे पुरुषद्वेष्टी राणी किलोतळा झाल्या. गोरखनाथाचे काम मास्टर विनायक यांनी केले. नटसंचाची ही अदलाबदल कंपनीच्या सोयीची असेल. पण दोन्ही चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाला काल ज्याच्यासाठी डोळे ओलावले तोच आज दुसऱ्याला रडवताना दिसावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

कथा थोडक्यात अशी : आपण विषयांच्या मोहात कधीही गुंतणार नाही, असे मच्छिंद्र शिष्याला सांगतो. पुढे तोच गुरू स्त्रीराज्यात राणीच्या सहवासात रमलेला गोरखाला आढळतो. ज्याच्या शब्दावर आयुष्य उभे केले तो शब्दच खोटा ठरला, हे गोरखाचे दुःख चित्रपटाचा बराच भाग व्यापते. गुरूला सोडवावे की गुरूला सोडून द्यावे, अशा पेचात तो सापडतो. अखेरीस गुरू उलगडा करतो की स्त्रीराज्य, राणी, विलास हे सर्व त्यानेच रचलेली माया होती. शिष्याला धडा मिळतो आणि गुरूवरचा कलंक एका क्षणात पुसला जातो.

ही कथा नाथ संप्रदायाच्या परंपरेतील आहे. मात्र परंपरेत ती अशीच सांगितलेली नाही. धुंडिसुत मालू याने शके १७४१ म्हणजे इ. स. १८१९ मध्ये रचलेल्या ‘नवनाथ भक्तिसार’ या चाळीस अध्यायी ग्रंथात मच्छिंद्र खरोखरच स्त्रीराज्यात राहतो, त्याला मीननाथ नावाचा पुत्र होतो, आणि गोरख वादकाच्या रूपाने दरबारात शिरून मृदंगाच्या बोलांतून गुरूला जागे करतो. परतीच्या वाटेवर गुरूच्या झोळीत सोन्याची वीट असते. ती गोरख फेकून देतो. बंगालमधील ‘गोरक्षविजय’ या काव्यपरंपरेत तर गुरूचे पतन आणि शिष्याने केलेला त्याचा उद्धार हाच मुख्य विषय आहे. या सर्व कथांत एक मोकळेपणा आहे. गुरू चुकू शकतो, शिष्य त्याला हाताला धरून परत आणू शकतो, आणि तरीही त्यांचे नाते तुटत नाही. परीक्षा झालीच तर ती गुरूच्या आसक्तीची होते, परीक्षक शिष्य असतो.

चित्रपटाने स्वीकारलेल्या उलगड्यात हे नाते पूर्ण उलटे होते. गोरखाचे साहस, त्याची व्याकुळता, त्याने घेतलेला गुरूचा शोध या सर्वांना अखेरीस काही कर्तृत्व उरत नाही. तो केवळ दुसऱ्याने मांडलेल्या खेळातील सोंगटी ठरतो. ज्याने गुरूला वाचविले म्हणून गोरख मोठा, त्या गोरखाला पडद्यावर गुरूला वाचविण्याची संधीच नाकारली गेली आहे.

असे का झाले असावे? एक कारण महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासात शोधता येते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेवांनी आपली गुरुपरंपरा मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी व निवृत्ती अशी सांगितली आहे. मराठी श्रोत्याच्या लेखी मच्छिंद्र हा दूरच्या दंतकथेतील जोगी नसून वारकऱ्यांच्या माउलीचा पूर्वसूरी आहे. पोथीत त्याचे पतन ऐकणे आणि नामांकित नटाच्या देहाने ते प्रत्यक्ष पाहणे यांत अंतर आहे. ते पतन पडद्यावर दाखवायचे आणि शेवटी मागे घ्यायचे, ही तडजोड निर्मात्यांना सोयीची वाटणे स्वाभाविक होते. दुसरे कारण माध्यमाचे आहे. वस्तू अदृश्य करणे, एका रूपातून दुसरे रूप काढणे या छायाचित्रणातील चमत्कृतींचा ‘प्रभात’च्या तंत्रज्ञांना मोठा हव्यास होता, आणि मायेची कथा ही अशा चमत्कृतींसाठी जणू हक्काचीच जागा होती. कॅमेरा जे करतो तेच गुरू करतो; दोघेही नसलेले दाखवतात. प्रेक्षक आणि गोरख एकाच वेळी फसतात आणि एकाच वेळी सावध होतात. आपण फसलो यातच प्रेक्षकाला आनंद मिळत असल्याने, गोरखालाही तो मिळाला असेल असे तो गृहीत धरतो. गुरूच्या सुटकेचे मर्म येथे आहे.

किलोतळेचा विचार तर कोणी करीतच नाही. पुरुषांना तुच्छ लेखणारी, स्वतःच्या बळावर राज्य करणारी ही राणी दुर्गा खोटे यांनी उभी केली आणि ती मराठी पडद्यावरील आरंभीच्या ठसठशीत स्त्रीप्रतिमांपैकी एक ठरली. उलगडा झाला की ती नाहीशी होते. धडा शिष्यासाठी होता आणि ती त्या धड्याचे साहित्य होती.

किंचित अवांतर असले तरी येथे एका परक्या उदाहरणाची तुलना उद्बोधक ठरते. जॉर्ज ल्युकस यांच्या ‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) वृद्ध ओबी-वान हा तरुण ल्यूकला सांगतो की त्याच्या पित्याला डार्थ व्हेडरने ठार मारले. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये (१९८०) व्हेडर हाच त्याचा पिता असल्याचे उघड होते. ल्यूकचा पिता आणि व्हेडर ही पात्रे आरंभी वेगळी होती. ली ब्रॅकेट यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या दुसऱ्या चित्रपटाच्या पहिल्या खर्ड्यात पित्याचा आत्मा स्वतंत्रपणे अवतरतो. पुढे कथानक बदलले आणि ओबी-वानचे साधे निवेदन मागाहून असत्य ठरले. तेव्हा ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये (१९८३) त्याच्या तोंडी असा खुलासा घालावा लागला की आपले म्हणणे एका विशिष्ट दृष्टिकोनातून खरेच होते. हा खुलासा मच्छिंद्राच्या मायेपेक्षा फारसा निराळा नाही. फरक आहे तो शिष्याच्या बाजूने. ल्यूक मृत गुरूच्या छायेला तोंडावर विचारतो की मला का फसवले, आणि मिळालेल्या उत्तराने त्याचे समाधान होत नाही. ‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज : भाग २’मध्ये (२०११) तर आपण ज्याचे रक्षण करीत आलो त्या मुलाला योग्य वेळी मरण्यासाठीच वाढवले गेले, हे कळताच स्नेप डम्बलडोरला सुनावतो. गोरखाच्या वतीने असे बोलणारा ‘माया मच्छिंद्र’मध्ये कोणी नाही.

राजगुरूचा डोळा

१९३३ मध्ये ‘प्रभात’ कोल्हापुरातून पुण्यास गेली. त्याच वर्षी ‘सैरंध्री’ या चित्रपटाच्या रंगप्रक्रियेच्या निमित्ताने शांताराम जर्मनीत होते. तेथील चित्रपटशैलीचा त्यांच्यावर पडलेला प्रभाव पुण्यातील पहिल्या चित्रपटात, म्हणजे ‘अमृतमंथन’मध्ये, छायाप्रकाशाच्या योजनेत स्पष्ट दिसतो. नारायण हरी आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीवर तो आधारलेला होता.

राजा क्रांतिवर्मा देवीपुढील नरबळी व पशुबळी बंद करतो. राजगुरूला हा धर्मावरील घाला वाटतो. तो अंधाऱ्या जागी आपल्या अनुयायांना जमवून राजाच्या वधाचा निर्णय करवितो आणि ते काम यशोधर्मा या निष्ठावंताच्या गळ्यात घालतो. यशोधर्मा दुष्ट नाही. गुरूची आज्ञा हीच देवीची आज्ञा, एवढेच त्याला ठाऊक आहे. काम पार पडल्यावर राजगुरू त्याला वाऱ्यावर सोडतो.

हिंदी आवृत्तीत राजगुरूची भूमिका चंद्रमोहन यांनी केली आणि त्यांच्या एका डोळ्याने सबंध पडदा व्यापणारे समीपदृश्य भारतीय चित्रपटाच्या इतिहासात प्रसिद्ध झाले. मराठीत ती केशवराव दाते यांनी केली. दाते हे रंगभूमीवरील संयत अभिनयासाठी नावाजलेले नट. त्यांच्या राजगुरूचा दरारा वेगळ्या जातीचा होता. चंद्रमोहन यांच्याकडे पाहून भीती वाटते, दात्यांचे बोलणे ऐकून पटू लागते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दात्यांचा राजगुरू अधिक धोक्याचा मानावा लागेल, कारण शिष्य सामान्यतः भीतीने नव्हे तर पटल्यामुळे गुरूच्या मागे जातो.

हा राजगुरू निव्वळ खलनायक असता तर त्याचा येथे विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु बळी ही देवीची इच्छा आहे, यावर त्याची श्रद्धा आहे. विश्वामित्राप्रमाणे त्यालाही एक उच्च हेतू सांगता येतो. मच्छिंद्राप्रमाणे तोही दुसऱ्याच्या निष्ठेचा साधन म्हणून वापर करतो. बदललेली गोष्ट एकच आहे. शेवटच्या प्रवेशात येऊन ही परीक्षा होती असे सांगणारे कोणी उरलेले नाही. देव प्रकट होत नाहीत, मेलेला राजा उठत नाही, राज्य ही माया ठरत नाही. ‘माया मच्छिंद्र’मध्ये कॅमेरा गुरूच्या हातात होता आणि त्याला हवे ते दाखवीत होता, ‘अमृतमंथन’मध्ये तो गुरूच्या चेहऱ्यासमोर जाऊन उभा राहतो आणि त्याच्या बुबुळापर्यंत पोहोचतो.

हे स्थित्यंतर शांतारामांनी आखून घडविले, असा दावा करता येणार नाही. ‘प्रभात’ पुढेही संतांच्या चमत्कारांचे चित्रपट काढीत राहिली आणि ‘संत तुकाराम’ने (१९३६) त्याच श्रद्धेला देशोदेशी मान मिळवून दिला. गुरूला निर्दोष ठरविणारा साचा मोडला असेही नाही. पौराणिक चित्रपटांतून तो पुढे कित्येक वर्षे चालत राहिला. तरीही १९३४ सालच्या या चित्रपटात त्या साच्याबाहेरचे काहीतरी घडले. यशोधर्म्याची मुले, माधवगुप्त आणि सुमित्रा, कथेच्या मध्यभागी आली. सुरेशबाबू माने व शांता आपटे यांनी केलेल्या या भूमिकांत गुरूच्या आज्ञेची किंमत मोजणारी माणसे पडद्यावर राहतात, बोलतात, गातात, आणि चित्रपट संपेपर्यंत नाहीशी होत नाहीत.