डिजिटल प्रमाणपत्रातील नामलेखन : एक ऐतिहासिक आढावा

डिजिटल प्रमाणपत्र हे संगणकीय व्यवहारातील ओळखपत्र होय. ते कोणाचे, हे त्यातील नावावरून ठरते. म्हणून नावाचे लेखन व वाचन हा मूलतः विश्वासाचा प्रश्न आहे.

१९८८ मध्ये सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय समितीने एक्स.५०० ही निर्देशिका-मानके आणि त्यांतच प्रमाणपत्राचे एक्स.५०९ हे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार नाव म्हणजे देश, संस्था, विभाग, व्यक्ती अशा घटकांची उतरंड होय. ती अक्षरमालेत लिहिण्याचे नियम आरएफसी १४८५ (१९९३), १७७९ (१९९५), २२५३ (१९९७) व ४५१४ (२००६) या दस्तऐवजांतून विकसित झाले. अक्षरमालेत क्रम उलटा, म्हणजे व्यक्तीकडून देशाकडे, असतो. घटक स्वल्पविरामाने विभागले जातात. संस्थेच्या नावातच स्वल्पविराम असल्यास त्यापूर्वी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. या रेघेकडे दुर्लक्ष करणारी आज्ञावली एका घटकाचे दोन तुकडे करते व ओळखच बदलते.

या धोक्याचे वेगळे रूप २००९ च्या ब्लॅक हॅट परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक व डॅन कामिन्स्की यांनी दाखविले. सी भाषेत अक्षरमाला शून्य-अक्षराशी संपते. प्रमाणपत्रात मात्र तिची लांबी नोंदलेली असते. नावात शून्य-अक्षर दडविल्यास प्रमाणन संस्था पूर्ण नाव वाचून हल्लेखोराला त्याच्याच संकेतस्थळाचे प्रमाणपत्र देई, तर ब्राउझर शून्यापर्यंतचे नाव वाचून ते दुसऱ्याचे मानी.

२०१७ मध्ये क्रोम ५८ ने संकेतस्थळाच्या पडताळणीसाठी हे विषयनाम वापरणे थांबवून केवळ पर्यायी नावांचा स्वतंत्र रकाना ग्राह्य धरला. सारांश, स्वाक्षरीचे गणित अबाधित असूनही दोन वाचकांनी एकच नाव भिन्न रीतीने वाचल्यास प्रमाणपत्राचा विश्वास टिकत नाही.