आठ तासांची गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई सांगत होत्या, "तापाची गोळी घेतली, अंगदुखीची घेतली, वर सर्दीचीही घेतली." पाकिटं मागवून वाचली, तर तिन्हींत एकच औषध, पॅरासिटामोल! तेव्हाच ठरवलं, या औषधाची आणि त्याच्या उताऱ्याची गोष्ट तुम्हाला सांगायची.

पॅरासिटामोल १९५६ साली ब्रिटनमध्ये विक्रीला आलं. ठरलेल्या मात्रेत ते गुणाचंच आहे. पण १९६६ साली तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं, की मात्रा फार वाढली तर लिव्हर निकामी होतं, माणूस दगावतो. असं का होतं, ते मात्र उमगत नव्हतं.

उत्तर १९७३ साली अमेरिकेतल्या संशोधकांना उंदरांवरच्या प्रयोगांत मिळालं. गोळीचा बराचसा भाग शरीर बाहेर टाकतं, पण थोड्या भागाचं विष बनतं. आपल्या पेशींत ग्लुटाथिऑन नावाचा राखणदार असतो. विळ्याला गंज चढतो, तशी पेशींचीही झीज होत असते. ती हा राखणदार थोपवतो, आणि हे विषही तोच मारतो. गोळ्या जास्त झाल्या की राखणदार संपतो आणि विष लिव्हरवर तुटून पडतं.

मग राखणदार पुन्हा उभा कसा करायचा? एडिनबरोचे डॉ. लॉरी प्रेस्कॉट यांनी आधी सिस्टिअमीन वापरून पाहिलं. लिव्हर वाचलं, पण रुग्ण उलट्यांनी हैराण झाले. १९७७ साली त्यांनी असिटिलसिस्टीन दिलं. ते नवं नव्हतं, छातीतला घट्ट कफ पातळ करायला आधीपासून वापरत. त्यातून शरीराला ग्लुटाथिऑन बनवायचा कच्चा माल मिळतो. १९७९ साली त्यांनी १०० रुग्णांचा हिशेब मांडला. दहा तासांच्या आत औषध मिळालेल्या ६२ जणांपैकी एकाच्याच लिव्हरला गंभीर इजा झाली. उशिरा आलेल्या ३८ जणांपैकी निम्म्याहून जास्त जणांना झाली. पहिल्या आठ तासांत औषध मिळालं तर सगळ्यांत उत्तम, हेही तेव्हाच कळलं. आज हा उतारा जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

बायांनो, यातली फसवी बाब ध्यानात ठेवा. पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते, कधी तेही नाही. माणूस बरा दिसतो. कावीळ दिसेपर्यंत दोन-तीन दिवस जातात, आणि मोलाची वेळ हातून निसटते. म्हणून लेकरानं गोळ्या खाल्ल्या, किंवा घरात कुणी चुकून वा रागाच्या भरात जास्त घेतल्या, तर "बघू सकाळपर्यंत" म्हणू नका. लोक काय म्हणतील याचाही विचार नको. १०८ ला फोन करा, रिकामं पाकीट सोबत न्या, गोळ्या कधी घेतल्या ते सांगा.

आणि पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन यायचं. एकत्र बसून वाचू. येताय ना?