हजेरीपटावर नसलेला रकाना

जून संपत आला की विदर्भातल्या शाळा उघडतात. उन्हामुळे आपलं सत्र बाकी महाराष्ट्राच्या थोडं मागून सुरू होतं, पण पहिल्या पंधरा दिवसांतले प्रश्न सगळीकडे तेच असतात. पहिलीतलं मूल दारातच रडतं. डबा न उघडता परत येतो. सोमवारी आलेलं मूल बुधवारी दिसत नाही. घरी आईला वाटतं, बाईंशी बोलावं का, की त्यांना राग येईल? शाळेत बाईंना वाटतं, घरी काही झालंय का? आणि या दोघींच्या मध्ये कागदावर फक्त एकच गोष्ट उरते : हजेरीपटावरची गैरहजेरीची खूण.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी या खुणेकडे जरा थांबून पाहावं, म्हणून हे लिहितेय.

मी एम.एस्सी. करून शिक्षणाच्या इतिहासाकडे वळले. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी एक गोष्ट डोक्यात बसते : उपकरण ज्यासाठी बनवलंय तेवढंच मोजतं. तापमापकाला आर्द्रता विचारून उपयोग नाही. हजेरीपट हेही एक उपकरणच आहे. मूल आलं की नाही, एवढंच ते मोजतं. का आलं नाही, याचा रकाना त्यात नाही. मग अहवाल लिहायची वेळ आली की तो ‘का’ कुणीतरी बाहेरून भरतो, आणि बहुतेक वेळा तिथे दोन शब्द येतात : ‘पालकांची उदासीनता’. हे दोन शब्द मोजमाप नाहीत. ज्याच्या हातात पेन आहे त्याचा तो अंदाज आहे. महाराष्ट्रात हा अंदाज तपासून पाहणारी माणसं होऊन गेली, आणि शिक्षक-पालक संवादाचा खरा इतिहास मला त्यांच्या कामात दिसतो.

सुरुवात १८८२ पासून करू. त्या वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सक्तीचं प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत असावं, ही त्यातली मागणी आपण सगळ्यांनी नेट-सेटच्या तयारीत पाठ केलेली असते. पण त्याच निवेदनात शिक्षकांबद्दलचा एक मुद्दा आहे, तो सहसा सुटतो. फुल्यांचं म्हणणं असं की प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, कारण ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा समजून घेतील. सोवळ्याओवळ्यामुळे फटकून राहणाऱ्या शिक्षकाला ते जमणार नाही. म्हणजे मूल शाळेत न येण्याचं एक कारण ते शिक्षक आणि घर यांच्यातल्या अंतरात शोधत होते. हे अंतर जातीचं होतं. मास्तर ज्या घरात पाऊल ठेवत नाही, त्या घराची अडचण त्याला कळणार कशी?

दुसरा टप्पा नागपूरपासून अगदी जवळचा, वर्धा-सेवाग्रामचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी नई तालीमची योजना आखली. पण सातव्या वर्षी शाळेत येणारं मूल कोरी पाटी नसतं, हे काम करताना लक्षात येत गेलं. जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत नई तालीमची व्याप्ती वाढली. सात वर्षांखालच्या मुलांसाठी ‘पूर्व-बुनियादी’ हा टप्पा आला आणि प्रौढांचं शिक्षणही त्याच योजनेचा भाग झालं. यातली कल्पना साधी आहे : मुलाचं शिक्षण आईबापांपासून सुरू होतं, तेव्हा शाळेने घराशी बोलायलाच हवं.

साधी कल्पना प्रत्यक्षात किती अवघड असते, हे तिसऱ्या टप्प्यात दिसतं. ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून आलेल्या. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथले पालक शिकलेले, मुलाला स्वतः आणून सोडणारे. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, त्याच वर्षी अनुताई वाघही तिथे आल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. इथे बालवाडी उघडली म्हणून वस्तीतली मुलं आपण होऊन आली नाहीत. ‘उदासीनता’ लिहून मोकळं होता आलं असतं. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत, घरांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज आपण इतक्या सहज वापरतो की त्यातलं उत्तर आपल्याला ऐकू येत नाही. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना देशभर हेच नाव मिळालं.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. तिथे गैरहजेरीची आणखी कारणं समोर आली. काही मुलं गुरं चारायला जायची, तर त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरली, ती कुरणशाळा. काहींना धाकटं भावंडं सांभाळावं लागायचं, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आली, ती विकासवाडी. ताई वर्गात, धाकटा शेजारी पाळणाघरात.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. अंगणवाडी, कुरणशाळा, विकासवाडी ही तीन नावं म्हणजे हजेरीपटात नसलेल्या रकान्याची तीन उत्तरं आहेत. शाळा परकी वाटते. गुरं आहेत. धाकटं भावंडं आहे. यातलं एकही कारण शाळेच्या आवारात बसून सापडणारं नव्हतं. कुणीतरी उठून विचारायला गेलं, म्हणून ते सापडलं.

आज हे विचारणं कायद्यात आलंय. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ नुसार पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. कलम २१ मधल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पण विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती लागू नाही. तिथे शिक्षक-पालक संघ बंधनकारक झाला तो महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने, म्हणजे फीच्या निमित्ताने.

कलम २४ ची शब्दरचना नीट वाचा. शिक्षकाने पालकांना ‘माहिती द्यायची’ आहे. पालकांकडून माहिती घ्यायची, असं तिथे लिहिलेलं नाही. दिशा एकच. व्हॉट्सॲप ग्रुपचंही तेच होतं : सूचना खाली येते, खालून ‘ओके मॅम’ जातं. ज्या आईला मुलगा रात्री दचकून उठतो हे सांगायचंय, ती शंभर जणांसमोर ते लिहिणार नाही. बोर्डीत शिक्षिका अंगणात गेली होती. आज आईने कुठे यायचं, कधी यायचं आणि किती बोलायचं, हे शाळा ठरवते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईसाठी सकाळी अकराची बैठक म्हणजे दिवसाची मजुरी बुडणं. ती आली नाही की पुन्हा तोच शेरा : उदासीनता.

आता तुमच्या सिनॉप्सिसकडे येऊ. ‘पालकांच्या उदासीनतेचा हजेरीवर होणारा परिणाम’ असा विषय डोक्यात असेल तर आधी स्वतःला विचारा : ही उदासीनता मी कशाने मोजणार आहे? बैठकीच्या सह्यांवरून? मग तुम्ही बैठकीची वेळ मोजताय, पालक नाही. प्रश्नावली फक्त मुख्याध्यापकांना देणार? मग कारणाचा रकाना पुन्हा पेन असलेल्या माणसानेच भरला. जुन्या नोंदी वाचतानाही हेच. शाळेचे अहवाल सापडतात, पालकांची पत्रं फार क्वचित. जिथे आवाज नाही तिथे मत नव्हतं, असं धरून चालू नका. शाळेने काय बदललं ते पाहा. बदललेल्या वेळा, हललेल्या जागा, नव्याने पडलेली नावं यांत पालकांचं म्हणणं उमटलेलं असतं.

आणि तुमच्यापैकी कुणी शाळेत शिकवत असाल, तर येत्या सत्रात एक करून बघा. मूल दोन दिवस आलं नाही तर ‘का पाठवलं नाही?’ असं विचारू नका. त्या प्रश्नात आरोप आधीच बसलेला असतो. ‘घरी सकाळी काय काय असतं?’ असं विचारा, आणि मिळालेलं उत्तर वहीत लिहून ठेवा, तारखेसकट, त्या आईच्याच शब्दांत. पन्नास वर्षांनी कुणी हा इतिहास शोधायला बसलं, तर त्याच्या हाती निदान एक रकाना भरलेला लागेल.